काचेच्या पेटीत कोणती रायफल ठेवावी? बायसनचा संहार आणि एकबारी बंदुकीची निवड

थ्रेड

१/
अमेरिकेतील बायसनच्या संहाराचा इतिहास सांगण्यासाठी काचेच्या पेटीत एकच रायफल ठेवायची असेल, तर ती कोणती असावी? प्रश्न हौशी वाटतो. शस्त्रसंग्राहक, नेमबाज आणि 'वेस्टर्न' चित्रपटांचे चाहते तो एकमेकांना नेहमी विचारतात. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही तो गांभीर्याने घ्यावा, असे मला आता वाटते. त्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
गेल्या वर्षी आमच्या विभागात एक लहानसे भित्तिप्रदर्शन झाले. प्रत्येकाने एका वस्तूतून एक काळ उलगडून दाखवायचा होता. मी बायसनच्या शिकारीचा काळ घेतला आणि फलकाच्या मध्यभागी विंचेस्टर कंपनीच्या १८८५ सालच्या एकबारी रायफलचे, म्हणजे 'हाय वॉल'चे, मोठे छायाचित्र लावले. रायफल देखणी होती. खालचा मजकूरही मला बरा जमल्यासारखा वाटत होता.

३/
दुसऱ्या दिवशी पदवीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा फलक वाचून म्हणाला, "ताई, इथे लिहिलंय की कळप १८८३ पर्यंत संपले. मग ही ८५ ची बंदूक कोणाला मारायला आणली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तारखा दोन्ही मीच लिहिल्या होत्या, पण त्या शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. संध्याकाळी फलक उतरवला. पुढचे काही महिने हा प्रश्न मी नव्याने सोडवत राहिले. हा थ्रेड त्याचे फलित आहे.

४/
आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. इंग्रजीत त्या प्राण्याला 'बफेलो' म्हणण्याची रूढी पडली, म्हणून मराठीत कधी कधी 'म्हशींची शिकार' असे भाषांतर दिसते. ते चूक आहे. हा प्राणी बायसन. आपल्या म्हशीपेक्षा राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा त्याचा जवळचा नातलग ठरतो. पूर्ण वाढलेला नर बायसन ८००-९०० किलोंचा असू शकतो. बंदुकीच्या निवडीत या वजनाला फार महत्त्व आहे.

५/
'एकबारी' म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक. बार काढला की रिकामे काडतूस बाहेर काढायचे, नवे आत घालायचे, पुन्हा नेम धरायचा. १८७० च्या दशकात पाठोपाठ गोळ्या झाडणाऱ्या विंचेस्टर रायफली बाजारात होत्या. मग हजारो जनावरे मारायला निघालेल्या माणसाने संथ हत्यार का निवडले? या प्रश्नाच्या उत्तरात साऱ्या धंद्याचे गणित दडलेले आहे.

६/
पहिले कारण ताकदीचे. विंचेस्टर १८७३ चे काडतूस आखूड होते : सुमारे २०० ग्रेनची गोळी आणि ४० ग्रेन काळी दारू, म्हणजे अंदाजे १३ ग्रॅम शिसे आणि अडीच ग्रॅम दारू. लष्कराच्या '४५-७०' काडतुसात ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची गोळी होती. (अशा जोडनावांत पहिला आकडा नळीचा व्यास इंचाच्या शतांशांत सांगतो, दुसरा दारूचे वजन ग्रेनमध्ये.) इतके लांब काडतूस आणि त्याचा दाब त्या काळच्या चक्री रायफलीच्या यंत्रणेला पेलत नव्हता. एकबारीचा भक्कम पोलादी ठोकळा तो सहज पेलत असे.

७/
दुसरे कारण कामाच्या पद्धतीचे. कातड्याचा व्यापारी शिकारी घोड्यावरून पाठलाग करत नसे. वाऱ्याच्या खालच्या अंगाने तो कळपाच्या दोनशे-तीनशे यार्डांपर्यंत जाई, दोन काठ्यांची कैची रोवून तिच्यावर नळी टेकवी आणि कळपाची वाट दाखवणारी मादी हेरून तिच्या फुप्फुसात गोळी घाली. ती पळत नसे, जागीच कोसळे. बाकीचा कळप गोंधळून तिच्याभोवती घुटमळे. मग दुसरी, तिसरी, दहावी. जो प्राणी निघू लागे, त्याला आधी पाडायचे.

८/
तिसरे कारण क्वचितच सांगितले जाते. या धंद्यातला अडसर बंदुकीचा वेग नव्हताच. अडसर होता सुरीचा. एका नेमबाजामागे कातडी सोलणारी माणसे, गाडी आणि जनावरे असत. ही माणसे दिवसभरात जेवढी कातडी सोलू शकतील, त्याहून जास्त प्राणी मारणे म्हणजे शिसे आणि दारू वाया घालवणे. संथ रायफल त्यामुळे पुरेशी होती. संथपणे मारूनही सोलणारे मागेच पडत.

९/
ही कसोटी मनात ठेवून उमेदवारांकडे पाहू. माझे निकष तीन : तारीख जुळते का? त्या कामासाठी ती खरोखर वापरली गेली याचा पुरावा आहे का? आणि तिच्याकडे पाहून त्या काळाविषयी काय कळते? शेवटचा निकष शस्त्रसंग्राहकाला लागत नाही. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा.

१०/
विंचेस्टर 'हाय वॉल'. आराखडा जॉन ब्राउनिंग यांचा, पेटंट १८७९ चे. ब्राउनिंग बंधूंनी ऑग्डेनच्या आपल्या कार्यशाळेत अशा थोड्या रायफली बनवल्या. विंचेस्टरने हक्क विकत घेऊन १८८५ मध्ये ती बाजारात आणली. दक्षिणेचा कळप १८७० चे दशक सरताना संपला होता, उत्तरेचा १८८३ पर्यंत. अभियांत्रिकी उत्तम, पण गाडी निघून गेल्यावर स्थानकावर पोहोचलेली. पहिल्याच निकषावर बाद. (माझा फलकही.)

११/
स्प्रिंगफील्ड 'ट्रॅपडोर'. यादवी युद्ध संपल्यावर सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचा ढीग पडून होता. अर्स्किन ॲलिन यांनी नळीचे मागचे तोंड कापून त्यावर बिजागरीचे झाकण बसवले. जुनी बंदूक काडतुसाची झाली. १८६६ च्या '५०-७०' नमुन्याची अशीच एक बंदूक विल्यम कोडी, म्हणजे 'बफेलो बिल', वापरत असे. तिचे नाव त्याने 'ल्युक्रेशिया बोर्जिया' ठेवले होते. रेल्वे कामगारांच्या मांसासाठी आपण ४,२८० बायसन मारले, असे तो आत्मचरित्रात सांगतो.

१२/
तारीख जुळते, पुरावा आहे. पण कोडीची कथा मांसाची आहे, कातड्याची नव्हे. आणि तो बहुधा घोड्यावरून शिकार करी. या बंदुकीतून एक गोष्ट मात्र नेमकी कळते : युद्धाची शिल्लक शस्त्रे आणि युद्धातून मोकळे झालेले तरुण एकाच वेळी पश्चिमेकडे निघाले होते. प्रस्तावनेच्या पेटीत तिला जागा द्यावी. मुख्य पेटी तिची नाही.

१३/
रेमिंग्टन 'रोलिंग ब्लॉक'. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हे नाव परिचित असेल. लिओनार्ड गायगर आणि जोसेफ रायडर यांची कल्पना, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा कारखाना. घोडा मागे ओढायचा, अंगठ्याने ठोकळा मागे फिरवायचा, काडतूस घालायचे, ठोकळा बंद करायचा. घोडा पडताना त्याचाच भाग ठोकळ्याला खालून अडवतो. इतकी साधी आणि मजबूत रचना की डेन्मार्क, स्वीडन, स्पेन, इजिप्त अशा अनेक देशांनी ती लष्करासाठी घेतली. एकूण उत्पादन दहा लाखांच्या वर गेले.

१४/
मैदानी प्रदेशातही ती भरपूर वापरली गेली आणि शार्प्सपेक्षा स्वस्त पडे. तेव्हा "रेमिंग्टनच ठेवा" असे कोणी म्हटले, तर मी त्याला खोडून काढणार नाही. माझी हरकत एवढीच : रेमिंग्टन जगभरच्या सैन्यांसाठी बनत होती आणि त्यातल्या काही शिकाऱ्यांच्या हाती गेल्या. बायसनच्या बाजारासाठी स्वतःला बदलून घेणारी रायफल दुसरी होती.

१५/
ती शार्प्स. ख्रिश्चन शार्प्स यांचे मूळ पेटंट १८४८ चे. चापाचे कडे हीच तरफ; ती खाली दाबली की ठोकळा सरळ खाली सरकतो आणि नळीचे तोंड उघडते. 'मॉडेल १८७४' हे नाव नंतरचे. उत्पादन १८७१ पासून हार्टफर्डमध्ये आणि १८७६ पासून ब्रिजपोर्टमध्ये. कारखान्याने १८७२ मध्ये '५०-९०' हे मोठे काडतूस आणले. शिकाऱ्यांनी त्याला 'बिग फिफ्टी' म्हटले. मागणीप्रमाणे नळ्या जाड आणि जड होत गेल्या; पाच-सहा किलोंची रायफल सामान्य, सात किलोंचीही मिळे.

१६/
हे वजन खांद्यावर वागवण्यासाठी नव्हतेच. जाड नळी उशिरा तापते, आणि एकाच जागी बसून डझनावारी बार काढणाऱ्याला तेच हवे होते. ओझे वाहायला गाडी होती, नेम धरायला काठ्यांची कैची होती. म्हणजे ग्राहकाने आपल्या कामाची गरज कळवली आणि कारखान्याने तिला पोलादात उतरवले. म्हणून माझी निवड शार्प्स १८७४. मात्र तिच्याविषयी जे नेहमी सांगितले जाते, त्यासाठी नव्हे.

१७/
नेहमी सांगितली जाते ती बिली डिक्सनची गोळी. जून १८७४ च्या अखेरीस टेक्सासमधल्या अडोबी वॉल्स इथे २८ पुरुष आणि एक स्त्री एवढ्या वस्तीवर कोमांची, शायान आणि कायोवा योद्ध्यांनी हल्ला केला. काही दिवसांत डिक्सनने उसन्या शार्प्सने दूरच्या टेकडीवरचा एक घोडेस्वार पाडला. हे अंतर १,५३८ यार्ड असल्याचे सांगतात. तो नशिबाचा बार होता, हे खुद्द डिक्सननेच मान्य केले आहे. दंतकथेला मात्र तो नम्रपणा मानवला नाही.

१८/
या गोष्टीत आपण नेम किती लांबचा होता एवढेच विचारतो. हल्ला का झाला, हे विचारत नाही. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारान्वये दक्षिणेच्या जमातींनी आपला मोठा प्रदेश सोडला. बदल्यात त्यांना आर्कान्सा नदीच्या दक्षिणेस शिकारीचा हक्क मिळाला, पण त्याला एक अट होती : शिकार करण्याजोगे बायसन तिथे असेपर्यंतच. पुढच्या वर्षीच्या फोर्ट लॅरमी करारात उत्तरेच्या जमातींसाठीही हीच अट आली.

१९/
ती अट पुन्हा वाचावी. हक्काची मुदत वर्षांत ठरवली नव्हती. प्राण्यांच्या संख्येत ठरवली होती. कळप संपला की हक्क संपला, करार न मोडता. १८७४ मध्ये कॅन्ससचे कळप विरळ झाल्यावर शिकारी नदी ओलांडून दक्षिणेत उतरले आणि लष्कराने त्यांना अडवले नाही. अडोबी वॉल्सवरचा हल्ला हा या ओलांडण्याला दिलेला जबाब होता. वर्षभरात, जून १८७५ मध्ये, क्वाना पार्कर आणि त्याचे लोक फोर्ट सिल इथे शरण आले.

२०/
म्हणून मला शार्प्स पेटीत हवी. सात किलोंचे हे यंत्र एका कराराचे कलम खोडत होते. प्रत्येक बारानिशी थोडे थोडे. रायफल धरणाऱ्याच्या मनात बहुधा कातड्याच्या भावापलीकडे काही नसेल. पण कलमाची रचनाच अशी होती की, त्याच्या धंद्याचा नफा आणि दुसऱ्यांच्या हक्काचा अंत एकाच हिशेबात बसत.

२१/
हा हिशेब बंदुकीपाशी थांबत नाही. एम. स्कॉट टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे की, १८७१ च्या सुमारास युरोपातल्या कारखान्यांना बायसनचे जाड कातडे कमावण्याची रीत सापडली आणि मागणी उसळली. त्याच वेळी राइट मूर या शिकाऱ्याने न्यूयॉर्कला पाठवलेल्या कातड्यांना भाव मिळाला. १८७२ मध्ये सांता फे रेल्वे डॉज सिटीला पोहोचली. कर्नल रिचर्ड डॉज यांच्या अंदाजानुसार १८७२ ते १८७४ या तीन वर्षांत तीन रेल्वेमार्गांनी सुमारे १३ लाख ७८ हजार कातडी पूर्वेकडे वाहिली.

२२/
दोन आक्षेपांना उत्तर देते. पहिला : "सारा दोष एका रायफलीवर कसा?" रास्त आहे. अँड्र्यू आयझेनबर्ग आणि डॅन फ्लोरेस यांनी दुष्काळ, घोड्यांची चराईतली स्पर्धा, आणि स्थानिक जमातींनीही ज्यात भाग घेतला तो आधीचा केसाळ कातड्यांचा व्यापार, ही सर्व कारणे मांडली आहेत. कळप १८७० पूर्वीच घटू लागले होते. पण घटणे आणि दहा-बारा वर्षांत नामशेष होण्याच्या काठावर येणे यांत जो फरक आहे, तो या रायफलीचा, रेल्वेचा आणि कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचा मिळून आहे.

२३/
दुसरा आक्षेप : "शस्त्र दाखवूच नका, कवट्यांचा ढीग दाखवा." तो १८९२ चा मिशिगनमधला प्रसिद्ध फोटो तुम्हीही पाहिला असेल. पण ती जागा शिकारीची नाही. मैदानांवर उरलेली हाडे रेल्वेने गोळा करून आणणारा तो कारखाना आहे. त्यांतून खत आणि साखर शुद्ध करण्यासाठी लागणारा हाडांचा कोळसा बनत असे. तो फोटो मृत्यू दाखवतो, काम दाखवत नाही. संहार हे कोणाचे तरी रोजचे काम होते, हे रायफलच सांगते.

२४/
आणि थांबवणे अशक्य होते, असेही नाही. १८७४ मध्येच अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी बायसनच्या संरक्षणाचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही आणि ते बारगळले. रायफलीच्या नावातले साल, अडोबी वॉल्सचे साल आणि न झालेल्या कायद्याचे साल एकच आहे. फलकावर हे तिन्ही एका ओळीत यायला हवे.

२५/
राहिले सौंदर्य. शार्प्स सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. हुबेहूब तशा रायफली आजही इटलीत आणि मॉन्टानात बनतात. १९९० च्या 'क्विग्ली डाउन अंडर' या चित्रपटाने तिला नवे चाहते मिळवून दिले. कोणी ती घेऊन लोखंडी लक्ष्यावर नेम धरत असेल, तर त्याच्यावर माझा राग नाही. पण "कोणती निवडावी?" या प्रश्नाचे उत्तर केवळ पल्ला, वजन आणि काडतूस यांत संपवणे म्हणजे कारखान्याच्या जाहिरातीतला अर्धा इतिहास पूर्ण मानणे.

२६/
माझा नवा फलक असा आहे. मध्यभागी साधी, झिजलेल्या दस्त्याची शार्प्स. सोन्यारुप्याची नक्षी असलेली नव्हे. डावीकडे कातडी सोलण्याची सुरी, कारण कामाचा वेग तिने ठरवला. उजवीकडे मेडिसिन लॉज करारातले ते कलम. खाली दोनच आकडे : तीन वर्षांत रेल्वेने नेलेली १३ लाख ७८ हजार कातडी, आणि १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी साऱ्या उत्तर अमेरिकेत मोजलेले, बंदिस्त आणि रानातले मिळून उरलेले बायसन : १,०९१.

२७/
फलक पुन्हा लावला, तेव्हा त्याच मुलाला बोलावले. त्याने सगळ्या तारखा बोटाने एकेक करून तपासल्या. मग करारातल्या कलमापाशी थांबून म्हणाला, "म्हणजे त्यांना नुसती मुदत दिली होती, आणि ती कधी संपवायची ते दुसऱ्यांच्या हातात होतं." यापेक्षा नेमके मला लिहिता आले नव्हते. त्याच्या परवानगीने ते वाक्य आता फलकावर आहे.

२८/२८
तुमची निवड वेगळी असू शकते. रेमिंग्टनच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतील आणि त्यांचे म्हणणे ऐकायला मला आवडेल. विनंती एवढीच की, रायफलीसोबत पेटीत दुसरी कोणती वस्तू ठेवाल, तेही कळवावे. तपशिलात चूक आढळल्यास जरूर दाखवावी. चूक दाखवणाऱ्याचा किती उपयोग होतो, हे मी अनुभवले आहे.